आरोपी ठरलेल्या फुलाचे सरबत

१/
उन्हाळा सुरू झाला की शहरांतील उपाहारगृहांच्या मेन्यूकार्डांवर फुलांच्या फसफसत्या पेयांचा एक स्वतंत्र विभाग दिसू लागतो. एल्डरफ्लॉवर, हिबिस्कस, लॅव्हेंडर. प्रत्येकापुढे दोन किमती, एक मद्यासह आणि एक मद्याविना. परवा अशाच एका कार्डावर एल्डरफ्लॉवरच्या पेयाला ‘युरोपच्या ग्रामीण परंपरेचा सुगंध’ असे म्हटलेले वाचले. वर्णन अगदी खरे आहे. मग आपल्या ग्रामीण परंपरेतले सर्वांत गोड फूल, म्हणजे मोहाचे फूल, त्या कार्डावर का नाही? आजचा धागा या प्रश्नाविषयी आहे. धाग्याच्या अखेरीस घरी करता येईल अशी कृतीही दिली आहे. घाई असलेल्यांनी थेट तिकडे जावे, पण राहून परत यावे.

२/
माझे मत आधीच सांगून टाकतो. मोह त्या कार्डावर नाही याचे कारण चवीत शोधू नये. ‘मोह म्हणजे दारू’ हे समीकरण आपल्या डोक्यात इतके पक्के बसले आहे की, त्या फुलाचे सरबत होऊ शकते हे आपल्याला सुचतच नाही. हे समीकरण जंगलात तयार झालेले नाही. त्याचा मोठा भाग एकोणिसाव्या शतकातील मुंबई इलाख्याच्या अबकारी कायद्यांनी घडवला, आणि आपण तो आजतागायत तपासून न पाहता वापरत आलो आहोत.

३/
प्रथम फुलाची ओळख. मोह हा मध्य भारतातील पानझडी अरण्यांचा वृक्ष; आपल्याकडे गडचिरोली, गोंदिया, नंदुरबार, पालघर, ठाणे या पट्ट्यात विपुल. फाल्गुन-चैत्रात पाने गळून गेलेल्या फांद्यांवर फुलांचे घोस येतात. फूल रात्री उमलते आणि पहाटेपर्यंत त्याचा मांसल, फिकट पिवळसर भाग जमिनीवर गळून पडतो. म्हणून वेचणी उजाडण्याच्या सुमारास. टोपली घेऊन झाडाखाली जायचे, वेचायचे, अंगणात पसरून वाळवायचे. वाळलेले फूल मनुक्यासारखे तपकिरी होते आणि त्याच्या वजनाचा साधारण निम्मा भाग साखरेचा असतो.

४/
जंगलालगतच्या घरात हे फूल उसाशिवाय मिळणारी साखर होते. ते भाजून खात, शिजवून खात, धान्याच्या पिठात मिसळून भाकरी करीत. पीक बुडालेल्या वर्षी कणगी रिकामी झाली तरी मोहाची रास शिल्लक असे. दारू हा या फुलाचा एक उपयोग होता. महत्त्वाचा होता, लग्नात, सणात, देवकार्यात लागणारा होता, हे नाकारण्याचे कारण नाही. पण तो अनेकांपैकी एक होता.

५/
फुलांपासून पेय करण्याची आपली परंपरा किती जुनी? चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पंचविसाव्या अध्यायात आसवांची एक यादी आहे. धान्य, फळे, मुळे, साल, पाने अशा उगमांनुसार एकूण ८४ आसवे मोजली आहेत, आणि त्यांपैकी १० फुलांची आहेत. त्यांत कमळाचे निरनिराळे प्रकार येतात, प्रियंगू येतो, मधूक म्हणजे आपला मोह येतो, आणि धातकीही येते. ही धातकी म्हणजे सह्याद्रीच्या उतारांवर लाल फुलांनी बहरणारी धायटी. आसवारिष्टे आंबवण्यासाठी आयुर्वेदिक कारखाने आजही धायटीची फुले वापरतात. म्हणजे ‘फ्लोरल ड्रिंक’ ही कल्पना आपल्याला कोणी जहाजातून आणून दिलेली नाही.

६/
फसफस मात्र बाहेरून आली, आणि तिची गोष्ट फार सुरस आहे. किण्वनात यीस्ट साखर खाते आणि दोन वस्तू मागे ठेवते : मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड. मद्य आणि बुडबुडा ही एकाच आईची जुळी भावंडे. हा वायू पेयात धरून ठेवायचा तर दाब सोसणारे घट्ट भांडे हवे. मातीच्या घड्यातून तो निघून जातो. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये कोळशाच्या भट्टीतली जाड, मजबूत काच निघाली, आणि १६६२ साली ख्रिस्तोफर मेरेट याने रॉयल सोसायटीपुढे नोंद वाचली की, वाईनला तजेला आणि बुडबुडे यावेत म्हणून व्यापारी तीत साखर घालतात. बाटलीत दुसऱ्यांदा आंबवण्याची ही फार जुनी नोंद आहे. चरकाच्या दहा फुलांजवळ वायू होता, बाटली नव्हती.

७/
तरीही फसफस हवी तर मद्यही घ्यावेच लागे. ही जुळी वेगळी केली जोसेफ प्रिस्टले याने. १७६७ मध्ये तो लीड्स येथे एका मद्यनिर्मितीशाळेशेजारी राहत होता. आंबणाऱ्या पिंपांवर जो जड वायू साचतो त्यात त्याने पाणी धरले, एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतले, आणि चाखले. पाणी चुरचुरीत लागले. १७७२ मध्ये त्याने पाण्यात वायू मिसळण्याची कृती पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केली. या पाण्याने खलाशांचा स्कर्व्ही बरा होईल अशी त्याची आशा होती. ती फोल ठरली. पण मद्याच्या पिंपावरचा वायू मद्याविना पिता येतो, ही गोष्ट तिथे सिद्ध झाली. आज मेन्यूकार्डावर ‘मद्याविना’ हा जो रकाना असतो, त्याचा पाया तो.

८/
पुढचा प्रवास भराभर सांगतो. योहान याकोब श्वेप याने १७८३ मध्ये जिनिव्हात या पाण्याचा कारखाना काढला आणि काही वर्षांत तो लंडनला आला. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात मद्यविक्रीला बंदी होती. त्याच्याच नावाच्या कंपनीने तिथे सोडा, लेमनेड आणि जिंजर बिअरच्या दहा लाखांहून अधिक बाटल्या खपवल्या. १८७० च्या दशकाच्या आरंभी हायरम कॉड याने तोंडाशी काचेची गोटी अडकणारी बाटली काढली. आपल्या जत्रांतला गोटी सोडा तो हाच. इंग्लंडने ही बाटली केव्हाच टाकून दिली, आपण अजून अंगठ्याने गोटी आत ढकलतो आहोत.

९/
आता एल्डरफ्लॉवरकडे वळू, कारण तुलना तिथेच आहे. इंग्लंडच्या कुंपणांवर मे-जूनमध्ये फुलणारी ही पांढरी, सुगंधी फुले. घरोघरी ती पाणी, साखर, लिंबू आणि थोडा व्हिनेगर यांच्यात भिजवतात; फुलांवरचे नैसर्गिक यीस्ट काम सुरू करते; मग ते बाटलीत भरतात. याला तिकडे कौतुकाने ‘एल्डरफ्लॉवर शॅम्पेन’ म्हणतात. अधूनमधून कोठीत बाटली फुटते आणि तो घरातला विनोद होतो.

१०/
या पेयावर कायद्याचा हात एकदा पडला तो असा. सरे परगण्यातील एका उत्पादकाने ‘एल्डरफ्लॉवर शॅम्पेन’ याच नावाने एक मद्यविरहित फसफसते पेय शॅम्पेनसारख्या बाटलीत, तार बांधलेल्या बुचासह बाजारात आणले. किंमत २ पौंड ४५ पेन्स. फ्रान्समधील शॅम्पेन उत्पादक न्यायालयात गेले. १९९३ मध्ये इंग्लंडच्या अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला : असे नाव वापरू दिले तर ‘शॅम्पेन’ या शब्दाचे वैशिष्ट्य हळूहळू झिजत जाईल. नाव गेले. फूल कुंपणावरच राहिले, आणि घरची कृतीही राहिली. घरी बिअर आंबवण्यासाठी पूर्वी लागणारा परवानासुद्धा तिथे १९६३ मध्ये रद्द झाला.

११/
मोहाच्या बाबतीत उलट घडले. नाव कोणालाच नको होते. फुलावर टाच आली.

१२/
१८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यापूर्वी ठाणे-कुलाबा भागात मोहाची दारू गावपातळीवर गाळली जाई आणि सरकार त्यावर निरनिराळ्या मार्गांनी कर घेई. या कायद्याने व्यवस्था बदलली. गाळप परवानाधारक मध्यवर्ती भट्ट्यांतच व्हावे, विक्री मक्तेदारांच्या दुकानांतून व्हावी, आणि प्रत्येक गॅलनवर सरकारला महसूल मिळावा, असा तिचा रोख होता. उरण हे अशा भट्ट्यांचे मोठे केंद्र होते. तिथली मोहाची दारू मुंबईत येई. ध्यानात घ्या, मोहाची दारू बंद झाली नाही. मक्तेदाराची दारू कायदेशीर राहिली आणि घरची गुन्हा ठरली.

१३/
अडचण एकच उरली. जंगलाजवळच्या प्रत्येक घरात वाळलेल्या मोहाची टोपली होती. टोपलीतले फूल भाकरीत जाणार की भट्टीत, हे अधिकाऱ्याला बाहेरून ओळखता येईना. उत्तर म्हणून १८९२ मध्ये ‘मुंबई मोहफूल कायदा’ आला. ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांसमोरचा प्रश्न डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या या कायद्याने मोहाचे फूल गोळा करणे, बाळगणे, विकणे, हलवणे हेच नियंत्रणाखाली आणले. दारू गाळल्याचा पुरावा शोधण्याची गरजच संपली. टोपली हाच पुरावा.

१४/
यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. एल्डरफ्लॉवरचे पेय नुसते आंबवलेले असते, मोहाची दारू ऊर्ध्वपातनाने गाळलेली. घरी मद्य गाळण्याला इंग्लंडमध्येही मनाईच आहे. मान्य. दोन पेये एका तागडीत तोलता येत नाहीत. पण माझा मुद्दा भट्टीचा नाही, टोपलीचा आहे. घरात कोणी चोरून मद्य गाळील म्हणून बार्ली किंवा एल्डरची फुले बाळगणेच इंग्रज गृहिणीला गुन्हा करावे, असे इंग्लंडच्या संसदेत कोणाला सुचल्याचे माझ्या वाचनात नाही. वारली किंवा कातकरी बाईच्या बाबतीत ते सुचले, आणि झाले.

१५/
दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दारूने आदिवासी घरांची धूळधाण केली, हे खोटे आहे का? मुळीच नाही, आणि हे सांगायला बाहेरच्यांची गरज नाही. १९२२ मध्ये पालघरच्या किनाऱ्यावरील मांगेला कोळ्यांत सलाबाई नावाच्या देवीचा संचार सुरू झाला. तिथून ही लाट डोंगरपट्ट्यातून दक्षिण गुजरातेत गेली. अंगात आलेली देवी सांगे : दारू सोडा, ताडी सोडा, मांस सोडा, रोज आंघोळ करा, दारूच्या मक्तेदाराकडे कामाला जाऊ नका. हजारो आदिवासींनी एकत्र जमून ते मानले. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांचा ‘द कमिंग ऑफ द देवी’ (१९८७) हा ग्रंथ याच चळवळीवर आहे. इतिहासाची आवड असलेल्या प्रत्येकाने तो मिळवून वाचावा, असे आग्रहाने सांगतो.

१६/
गडचिरोली जिल्ह्यातही १९९३ पासून दारूबंदी आहे, आणि तिच्यामागे लोकांच्याच चळवळीचा जोर होता. या दोन्ही ठिकाणी लोकांनी काय नाकारले ते नीट पाहावे. त्यांनी दारू नाकारली, दुकान नाकारले, दुकानदाराचे कर्ज नाकारले. झाडावर राग धरल्याचे दिसत नाही. मोहाची वेचणी गडचिरोलीत आजही होते, आणि अनेक घरांच्या उन्हाळ्यातील रोख उत्पन्नात तिचा वाटा असतो.

१७/
स्वातंत्र्यानंतर तरी फूल सुटले का? १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमातही मोहफूल आहे, आणि त्याची व्याख्या पाहण्याजोगी आहे : मोहफुलात मोहाचे फळ किंवा बी येत नाही. एकाच झाडाची कायद्याने अशी वाटणी केली. बीचे तेल निघते, म्हणून बी निर्दोष. फुलाची दारू निघते, म्हणून फूल संशयित. भाकरी, लाडू, सरबत हे कायद्याच्या नजरेत कुठेच नव्हते. मोहफुलांचे संकलन, साठवण आणि वाहतूक यांवरील निर्बंध महाराष्ट्र शासनाने सैल केले ते २०२१ मध्ये. १८९२ ते २०२१, वजाबाकी आपण करावी.

१८/
म्हणून मला एल्डरफ्लॉवरची चीड नाही. उलट हेवा वाटतो. त्या फुलाला घरात राहू दिले गेले, आजीच्या वहीत राहू दिले गेले, आणि त्या वहीतूनच त्याची आजची प्रतिष्ठा आली. २००५ मध्ये इटलीच्या दक्षिण टायरॉलमध्ये रोलंड ग्रुबर या बारटेंडरने ‘ह्युगो’ नावाचे पेय रचले. फसफसती वाईन, सोडा, पुदिना, आणि आज बहुतेक ठिकाणी त्यात एल्डरफ्लॉवरचा पाक. काही वर्षांत ते युरोपभर पसरले. मोहाला ती वहीच लाभली नाही. गोव्यात काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये तिला वारशाचे पेय म्हणून मान्यता मिळाली. मध्य प्रदेशाने अलीकडे मोहाच्या दारूलाही ‘वारसा’ म्हटले आहे. चांगले आहे. पण तिथेही मोह पुन्हा दारू म्हणूनच प्रतिष्ठित होतो, हे मला खटकते. सरबताला वारसा कोण म्हणणार?

१९/
आता कृती. वाळलेली मोहफुले १०० ग्रॅम घ्यावीत. ती आठवडी बाजारात किंवा वनोपज विकणाऱ्या बचतगटांकडे मिळतात. चांगले फूल मऊसर व तपकिरी असते. काळे पडलेले, आंबूस वासाचे घेऊ नये. हाताने चोळून आतले केसर आणि कचरा झटकावा, नाहीतर कडवट चव उतरते. तीन-चार पाण्यांनी स्वच्छ धुवावीत. मोह जमिनीवरून वेचलेला असतो, त्यामुळे माती निघेपर्यंत धुण्याचा आळस करू नये.

२०/
पाऊण लिटर पाण्यात फुले घालून मंद आचेवर वीस मिनिटे उकळावीत. गाळून घ्यावे. त्यात १०० ग्रॅम साखर घालून पुन्हा आचेवर ठेवावे आणि साधारण ३०० मिलिलिटर उरेपर्यंत आटवावे. पूर्ण गार झाल्यावर दोन लिंबांचा रस मिसळावा. वास मनुक्याचा, मधाचा, आणि त्यामागे जंगलाचा एक जड, उग्र गंध. हा गंध पहिल्या घोटाला परका वाटतो. लिंबू त्याला आवरते, म्हणून ते वगळू नये. चिमूटभर सैंधव घातल्यास गोडी नेमकी होते.

२१/
फसफस टिकवण्याचे शास्त्र साधे आहे : थंड पाण्यात वायू अधिक विरघळून राहतो. तेव्हा पाक, सोडा आणि पेला, तिन्ही फ्रिजमध्ये गार करावेत. पेला किंचित तिरपा धरून तळाशी तीन मोठे चमचे पाक घालावा आणि वरून १५० मिलिलिटर सोडा कडेकडेने सोडावा. चमच्याने एकदाच तळापासून वर हलवावे. घुसळल्यास प्रिस्टलेचे सारे श्रम हवेत जातात. बर्फ शेवटी. गोटी सोडा मिळाला तर तोच घ्यावा. त्याची चुरचुर मोहाच्या जडपणाला चांगली उतरते.

२२/
मद्यासह हवे असेल तर सोड्याच्या जागी नाशिकची कोरडी फसफसती वाईन घालावी, पाक दोनच चमचे. हे अर्थात कायद्याने वय आणि परवाना असलेल्यांपुरते. मी दोन्ही चाखले आहेत आणि माझा कौल सोड्याला आहे. वाईनची आंबट धार मोहाच्या सुगंधावर कुरघोडी करते. घरी दारू गाळण्याच्या फंदात मात्र कोणीही पडू नये. तो गुन्हा आहेच, शिवाय अजाण हाताने गाळलेले मद्य विषारी ठरू शकते.

२३/
पाक फ्रिजमध्ये चार-पाच दिवसच ठेवावा. बाटलीत बुडबुडे दिसू लागले तर समजावे की यीस्टने काम हाती घेतले. तो पाक टाकून द्यावा. मोह मिळालाच नाही तर याच मापाने देशी गुलाबाच्या पाकळ्या चालतील, फक्त त्या उकळू नयेत, कढत साखरपाण्यात झाकून ठेवाव्यात. फुलवाल्याकडचे गुलाब घेऊ नयेत, त्यांवर फवारणी झालेली असते.

२४/
आणि गाळून उरलेली मोहफुले फेकू नयेत. त्यांत अजून पुष्कळ गोडी असते. बारीक वाटून ज्वारीच्या पिठात मळावीत, थोडे मीठ, आणि जाडसर भाकरी थापावी. तव्यावर ती नेहमीपेक्षा लवकर करपते, आच मंद ठेवा.